गट चौथा, क्रमांक छत्तीस

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. जवळजवळ महिनाभर रजा काढून तू येथे राहिलीस, आधी रुग्णालय आणि नंतर हे घर सांभाळलेस, त्याबद्दल त्या वेळी बोलणे जमले नाही. ते येथे लेखी नोंदवतो. तुझ्या सूचनेप्रमाणे सकाळी चहाबरोबर काहीतरी खातो. फोन उचलत नाही ही तुझी तक्रार रास्त आहे. फोनवर समोरचे माणूस गप्प झाले की मला पुढचे वाक्य सापडत नाही. पत्रात थांबता येते.

एक बातमी आहे. प्राचार्यांनी तुझ्या ताईचा प्रकल्पाचा वर्ग माझ्याकडे दिला. मी संख्याशास्त्र शिकवणारा; संगणकाशी माझा संबंध गुणपत्रिका तयार करण्यापुरता. परंतु मी नकार दिला असता तर वर्ग बाहेरच्या कोणाकडे गेला असता, आणि वर्गाबरोबर तिच्या कपाटाची किल्लीही. म्हणून होकार दिला.

या वर्गात मुलांनी सहा-सहा जणांच्या गटांत खरोखर वापरता येईल असे सॉफ्टवेअर तयार करायचे असते. एकदम नव्हे, तर पंधरा-पंधरा दिवसांच्या फेऱ्यांत. प्रत्येक फेरीच्या अखेरीस जे झाले ते दाखवायचे आणि जे बिघडले ते कबूल करायचे. या पद्धतीला अजाइल म्हणतात आणि फेरीला स्प्रिंट. धावण्यासारखे मला तरी त्यात काही दिसले नाही. मुले बहुतेक वेळ फळ्यासमोर उभी असतात.

गट लावण्याचे काम तिच्या हातून राहून गेले होते. कपाटाच्या वरच्याच कप्प्यात मुलांनी भरलेले फॉर्म मिळाले. फॉर्म संगणकावर भरून छापलेले, आणि त्यांवर नावे नाहीत, केवळ हजेरीक्रमांक. ती म्हणत असे की नाव वाचले की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की मन परस्पर गट लावून मोकळे होते. मोजले तेव्हा छत्तीस फॉर्म भरले. छत्तीस म्हणजे सहा गुणिले सहा. इतका स्वच्छ भागाकार पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. हजेरीपटावर पस्तीसच नावे आहेत, पण उशिरा प्रवेश घेणारा एखादा दरवर्षी असतोच, म्हणून कचेरीत विचारले नाही. मागील सत्राचे गुण आणि मोकळा वेळ यांवरून प्रत्येक गटाची सरासरी समान येईल अशी मांडणी केली. छत्तीस क्रमांकाचे गुण उपलब्ध नव्हते; अशा ठिकाणी आम्ही सरासरी गृहीत धरतो, तशी धरली. तो क्रमांक चौथ्या गटात गेला. फॉर्ममधील शेवटचे दोन प्रश्न आकड्यांत बसणारे नसल्याने वाचले नाहीत.

हा छत्तीस क्रमांक जरा आगाऊ दिसतो. मोकळा वेळ कोणता, या प्रश्नाला उत्तर दिले आहे, ‘सकाळी सहा ते साडेसहा, चहा उकळेपर्यंत.’ कोणाबरोबर काम करणे जमत नाही, या प्रश्नाला, ‘जो माझे वाक्य पूर्ण होण्याआधी ते दुरुस्त करतो. तरी त्याच्याबरोबरच काम करत आले आहे आणि पुन्हा करीन.’ वर्गातील कोणा मुलाचा उल्लेख असावा. आपल्या वेळी असे लिहिण्याचे धैर्य कोणाला झाले नसते.

असो. प्रकृतीस जपावे.
भावोजी


१ मार्च

ती. भावोजींना,
सा. न.

पत्र मिळालं. पाकिटावर पत्ता इतका कोरीव की पोस्टमननं विचारलं, कोर्टाचं आहे का म्हणून. म्हटलं, तसंच समजा, आमच्या भावोजींचं आहे.

‘काहीतरी खातो’ म्हणजे काय खाता ते लिहायचं. मी वॉर्डात वीस वर्षं पेशंटांकडून ‘काहीतरी खाल्लं’ ऐकतेय. त्याचा अर्थ मला पाठ आहे.

वर्ग घेतलात ते फार बरं केलंत. ताईला आवडलं असतं. हसली पण असती. तुम्ही मुलांना सरासरीनं वाटलंत? भावोजी, मी दर आठवड्याला बारा नर्सेसच्या ड्युट्या लावते. हुशार किती, आळशी किती, हे मी बघतच नाही. बघते ते एवढंच, की कोण कोणाजवळ रडू शकेल. नवी पोर असली तर तिच्याबरोबर एक अशी देते जिच्याकडून चूक झालेली सगळ्यांना माहीत आहे. मग नवी घाबरत नाही. तुमच्या सूत्रात हे कुठं बसवणार?

आणि ते छत्तीस नंबरचं. त्याच्याशी तुमचा आत्ताच छत्तीसचा आकडा दिसतोय. जाऊ द्या ना. पोरं काहीही लिहितात. माझं ऐका, गट हजेरीपटावरून एकदा तपासा, आणि तो फॉर्म मला पाठवून द्या. सहज. मला वाचायला गंमत वाटेल. नक्की पाठवा.

कपाटातलं बाकी काही एकट्यानं आवरू नका. मी सुट्टी काढून येते, मग दोघं मिळून बघू.

फोन उचलत जा. मी गप्प बसणार नाही, शब्द दिला.

धाकटी


१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खाण्याविषयी: दोन पोळ्या, एक भाजी, दुपारी कॅन्टीनमध्ये. सकाळी पाव.

फॉर्म महाविद्यालयाच्या दप्तराचा भाग असल्याने पाठवता येत नाही. तुझे कुतूहल समजू शकतो.

पहिली फेरी संपली आणि तिच्याबरोबर पहिली तक्रारही आली. मुले रोज दहा मिनिटे फळ्यासमोर उभी राहून काल काय केले, आज काय करणार, कोठे अडले, एवढेच सांगतात. फळ्यावर तीन रकाने असतात: करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाची चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत जाते. चौथ्या गटातील एक उंच मुलगी माझ्या खोलीत आली.

“सर, आमचा छत्तीस नंबर एकदाही आला नाही.”

“निरोप दिलात का?”

“कोणाला देणार? ओळखतच नाही कोणी. आम्ही पाचच जण सहाचं काम ओढतोय. बुटक्या तर म्हणतो, छत्तीस नंबर म्हणजे भूत आहे, चहा ठेवू या त्याच्यासाठी.”

मी तिला म्हणालो की भुतांना प्रवेश देण्याची महाविद्यालयात तरतूद नाही. ती हसली नाही. हा गट तसाही कच्चा आहे. पाचांतील दोघे मागच्या वर्षी याच विषयात अनुत्तीर्ण झालेले. यंदा राहिले तर त्यांचे शिक्षण येथेच थांबेल.

मी त्याच दिवशी फळ्यावर सूचना लावली: ‘हजेरीक्रमांक ३६ यांनी विनापरवानगी अनुपस्थितीचे कारण तीन दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा त्यांचे नाव गटातून कमी करण्यात येईल.’ शिस्तीला दुसरा मार्ग नाही.

एक प्रश्न तुझ्या व्यवसायातला. हा गट दवाखान्यातील रांगेसाठी काम करतो आहे. आपला नंबर किती अंतरावर आहे ते रुग्णाला मोबाइलवर दिसावे. छत्तीस क्रमांकाच्या वाट्याला आलेली चिठ्ठी पंधरा दिवस ‘करायचे’ या रकान्यातच चिकटून आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘नंबर पुकारला तेव्हा जो हजर नव्हता, त्याला काय सांगायचे?’ तुमच्याकडे काय करतात ते कळव.

भावोजी


१९ मार्च

ती. भावोजींना,
सा. न.

ती सूचना फळ्यावरून काढा. हे पत्र वाचून चष्मा खाली ठेवायच्या आधी उठा आणि काढा. कारण विचारू नका. सोळा वेळा फोन केला. एकदा तरी उचलायचा होता.

मी पुढच्या महिन्यात येते. समोर बसून सांगते.

धाकटी


२७ मार्च

चि. धाकटीस,

तुझे पत्र येण्याआधीच सूचना काढली होती. मुदत संपली म्हणून कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, “सर, या वर्गात पस्तीसच मुलं आहेत. उशिरा कोणी आलेलं नाही.” मी परत येऊन प्रयोगशाळेतील मामांना विचारले की हा फॉर्म कोणी भरला. मामा तिच्याबरोबर बावीस वर्षे होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला, लांब धरून पाहिला, आणि जवळचे स्टूल माझ्याकडे सरकवले.

“बसा साहेब. हा बाईंचा.”

“म्हणजे?”

“दर वर्षी पहिला फॉर्म बाई स्वतः भरायच्या. पोरांच्या पुढचा नंबर टाकून. म्हणायच्या, मामा, जे मला लिहायला जड जातंय ते पोरांना कसं विचारू? मग गट लावायच्या आधी तो काढून ठेवायच्या.”

काढून ठेवायला यंदा ती नव्हती. मी तिला चौथ्या गटात बसवले, गैरहजेरी मांडली, आणि तिच्या नावाने नव्हे तर क्रमांकाने फळ्यावर ताकीद लावली. तीस वर्षे एका घरात राहून तिचे उत्तर मला ओळखता आले नाही. तुझ्या ताईला मी सरासरी गृहीत धरले.

न वाचलेली दोन उत्तरे नंतर वाचली. तुला काय जमत नाही? ‘वाईट बातमी देणे.’ गटाला तुझ्याबद्दल काय माहीत असायला हवे, जे तू समोर सांगणार नाहीस? ‘मार्चनंतरची माझी खात्री देता येत नाही. हे आधी सांगितले तर मला कोणी काम देणार नाही.’

फॉर्मवर छापलेली तारीख ३ जानेवारी आहे. ती व्हरांड्यात कोसळली १५ जानेवारीला, आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. मला जे कळले ते त्या दिवशी, डॉक्टरांकडून, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात उभ्याने कळले.

तू तो फॉर्म मागितला होतास. एकच विचारतो. तुला माहीत होते का?

भावोजी


२ एप्रिल

ती. भावोजींना,
सा. न.

होय.

हे समोर बसून सांगायचं होतं. तुम्ही विचारलंत, आता कागदावरच सांगते.

डिसेंबरात ताई माझ्याकडे दोन दिवस आली होती ना, मावशींना भेटायच्या निमित्तानं. मावशींना ती भेटलीच नाही. आमच्याच हॉस्पिटलात तपासण्या केल्या. रिपोर्ट मी आणला, मीच वाचून दाखवला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं केली तर थोडे महिने वाढतील, पण ते खाटेवर जातील. नाही केली तर मार्चपर्यंत हिंडती-फिरती राहील. त्यांचाही अंदाज चुकला. मार्चसुद्धा मिळाला नाही.

मी म्हटलं, भावोजींना आत्ताच्या आत्ता फोन लाव. तर म्हणाली, “ह्यांना सांगितलं की ते औषधांचा तक्ता करतील. तासांनुसार. लाल आणि निळ्या शाईत. माझ्या हातातली पिशवी घेतील, किल्ली घेतील, वर्ग घेतील. प्रेमानंच घेतील गं. पण मग मला करायला काही उरणार नाही. आजारी माणसाला कोणी काम देत नाही, आणि मला घरात कोणीतरी काम सांगणारं माणूस हवंय.”

मी भांडले. दिवसभर बोलले नाही तिच्याशी. मग तिनं तारीख दिली. अठरा जानेवारी. त्या दिवशी गटांची यादी फळ्यावर लावणार, आणि यादी लावून घरी आली की तुम्हाला सांगणार. माझ्याकडून शपथ घेतली की तोवर मी तोंड उघडणार नाही. तीन दिवस कमी पडले, भावोजी. फक्त तीन दिवस.

नंतर मी महिनाभर तुमच्या घरात होते. रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही सकाळी तिचा कप पण घासून ठेवायचात. कसं सांगणार होते? म्हटलं, कागदपत्रांत कुठे काही निघायच्या आत मी येऊन उचलून नेईन. ते फॉर्मचं मला तुमच्या पहिल्याच पत्रात कळलं. ‘चहा उकळेपर्यंत’ वाचलं आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी शपथ पाळली, आणि माझं चुकलं. दोन्ही खरं आहे. हवं तेवढं रागवा. पण जेवत जा.

धाकटी


८ एप्रिल

चि. धाकटीस,

पत्र पोचले. जी गोष्ट ऐकण्याचा पहिला अधिकार माझा होता ती दुसऱ्या कोणी ऐकली, आणि मला ती एका छापील फॉर्मवरून कळावी, हे मला कोठेही मांडता येत नाही. तू कोणत्या भावनेने गप्प राहिलीस हे समजते. समजल्याने उपयोग होत नाही.

पुढील महिन्यात येण्याची तसदी घेऊ नये. तूर्त पत्रेही नकोत.

भावोजी


२० एप्रिल

ती. भावोजींना,
सा. न.

नको म्हणालात तरी लिहितेय, कारण हे पत्र माझं नाही, कामाचं आहे. तुम्ही मार्चात एक विचारलं होतंत, त्याचं उत्तर राहिलं.

नंबर पुकारला तेव्हा जो हजर नसतो, त्याला आम्ही रांगेच्या शेवटी पाठवत नाही. पूर्वी पाठवायचो. मग लक्षात आलं की माणूस बहुतेक तिथंच असतो. पाणी प्यायला गेलेला, नाहीतर नुसता घाबरून जिन्यात उभा. आता आम्ही दोन पेशंट पुढे घेतो आणि त्याला परत हाक मारतो. आला तर कुठे गेला होतास म्हणून विचारत नाही. परत नाही आला तर आणखी दोघांनंतर पुन्हा.

एवढंच. मुलांना उपयोग होईल.

धाकटी


४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे कामाचे पत्र मी चौथ्या गटाला वाचून दाखवले. त्याआधी काय घडले ते सांगतो.

तुला पत्रे नकोत असे लिहिले त्या आठवड्यात उंच मुलगी पुन्हा आली. म्हणाली, “सर, छत्तीस नंबर काढून टाकू या का? नुसती चिठ्ठी पाहून आमचं मन लागत नाही.” मला तो क्रमांक कमी करता येईना आणि का करत नाही हेही सांगता येईना. मी म्हणालो, तुमच्या गटात सहावा माणूस मी. रोज सकाळी दहा मिनिटे त्यांच्याबरोबर फळ्यासमोर उभा राहू लागलो. प्रोग्राम लिहिणे मला येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. बुटक्या नावाचा मुलगा, वस्तुतः तो बुटकाही नाही, म्हणाला, “सर, तुम्हाला वाक्यं येतात ना? मग छत्तीसची चिठ्ठी तुम्ही घ्या. तिथं फक्त एक वाक्य हवंय.”

मी वाक्य लिहिले: ‘क्रमांक पुकारला असता आपण अनुपस्थित होता. कृपया नव्याने नोंदणी करावी.’

उंच मुलीने ते वाचले. “सर, हे वाचून माणूस घरी निघून जाईल.”

नेमके त्याच दिवशी तुझे पत्र आले. आता तेथे असे दिसते: ‘तुमचा नंबर येऊन गेला. थांबा, दोन जणांनंतर तुम्हाला पुन्हा बोलावू.’ वाक्य माझे आहे, पण रीत तुझी. काल परीक्षकांसमोर ते चालवून दाखवले. पाचही मुले उत्तीर्ण झाली; त्यांत मागच्या वर्षीचे दोघेही. ती चिठ्ठी ‘झाले’ या रकान्यात उंच मुलीने मला स्वतःच्या हाताने लावायला सांगितली. माझा हात तेथपर्यंत सहज पोचतो, तरी वेळ लागला.

प्रत्येक फेरीच्या अखेरीस मुले खुर्च्या वर्तुळात मांडून बसतात आणि काय चुकले ते एकेका चिठ्ठीवर लिहून मध्ये ठेवतात. कोणी कोणाला दुरुस्त करायचे नाही, हा नियम. तो तिने घातलेला. काल शेवटच्या वेळी मीही बसलो. इतरांनी लिहिले की चाचणी उशिरा केली, निरोप पोचला नाही. मी लिहिले, ‘मंगळवारचा बुधवार केला.’

तुला हे कळायला हवे. १४ जानेवारीच्या सकाळी, सहा ते साडेसहाच्या दरम्यान, ती चहा ठेवून ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, “डिसेंबरात मी धाकटीकडे गेले होते ना, त्या मंगळवारी मी...” मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “मंगळवार नव्हे, बुधवार. मंगळवारी परीक्षा समितीची सभा होती, मी तुला स्टेशनवर सोडायला येऊ शकलो नसतो.” तिने गॅस बारीक केला. मग हसून म्हणाली, “बरं, बुधवार,” आणि चहा गाळायला वळली. ते वाक्य तिने पुढे कधीच पूर्ण केले नाही.

तीन दिवस कमी पडले असे तू लिहिलेस. ते खरे नाही. अठराची वाट न पाहता ती चौदालाच सांगायला उभी राहिली होती. तुझ्या शपथेमुळे काही राहून गेले नाही. जे राहिले ते माझ्यामुळे, आणि माझा बुधवार बरोबर होता. तुझ्यावर धरलेला राग मला इतके दिवस या एका सकाळपासून दूर ठेवत होता.

बुटक्याने माझी चिठ्ठी उचलून वाचली. कोणालाच काही समजले नाही. त्याने विचारले, “सर, हा बग आहे का?”

“होय.”

“दुरुस्त होईल?”

“नाही,” मी म्हणालो. “नुसता नोंदवून ठेवा.”

त्याने वहीत नोंदवला. पुढे छत्तीस क्रमांक लिहिला आणि वही मिटली.

कपाटाचा खालचा कप्पा मी अजून उघडलेला नाही. आत तिचे आधीच्या एकवीस वर्षांचे एकवीस फॉर्म असणार, असे मामा सांगतात. ते एकट्याने वाचू नयेत असे वाटते. तुझा नंबर मी मध्यंतरी ओलांडून पुढे गेलो. आता पुन्हा हाक मारतो. ये. केव्हा निघतेस ते कळव, स्टेशनवर येईन. तू जो वार सांगशील तो मी बरोबर धरीन.

भावोजी